न आकसणारी माती

"ती माती कुठे मिळते, तेवढं सांगा. मी लगेच निघतो."

थेर इसिपालित हे वृद्ध बौद्ध भिक्षू. लेण्याच्या ओसरीत, उन्हाच्या पट्ट्यात बसून ते आपलं फाटलेलं चीवर शिवत होते. सुईत दोरा जात नव्हता.

समोर उभा असलेला यवन घाट चढून आला होता. छाती अजून धपापत होती. पाठीवर लाकडी पेटी होती आणि ती उतरवायला तो तयार नव्हता.

"कसली माती?" थेरांनी विचारलं.

"न आकसणारी. वाळवली तरी तेवढीच राहणारी, भाजली तरी तेवढीच."

"अशी माती मला ठाऊक आहे, असं कोण म्हणालं?"

"बंदरावरचा एक व्यापारी. तो म्हणाला, वरच्या लेण्यात म्हातारे थेर राहतात. ज्याला क्षय नाही, असं काहीतरी त्यांना ठाऊक आहे."

"माती म्हणाला?"

यवन जरा अडखळला.

"नाही... काहीतरी, असं म्हणाला. पण मातीखेरीज दुसरं काय असणार?"

थेर हसले. हातातली सुई त्यांनी त्याच्यापुढे धरली.

"एवढा दोरा ओवून दे. तुझे डोळे चांगले दिसतात."

यवनाने उभ्याउभ्याच दोरा ओवला. मग, बसल्याशिवाय या म्हाताऱ्याकडून काही मिळणार नाही हे ओळखून, त्याने पेटी उतरवली.

त्याचं नाव हर्मियास.

समुद्रापलीकडे, यवनांच्या म्हणजे ग्रीकांच्या देशात, एका लहान गावात त्याची मूर्तिशाळा होती. त्या गावात मातीच्या बायका घडत. वीतभर उंचीच्या. देवी नव्हेत, राण्या नव्हेत, घरोघरीच्या साध्या बायका. अंगभर वस्त्र लपेटून उभ्या. कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या डोक्यावर उन्हाची टोपी, कुणी नुसतीच मान कलती करून काहीतरी आठवत असलेली. साच्यात माती दाबून त्या आतून पोकळ काढत, भाजत, वर पांढऱ्या मातीचा हात देत, आणि मग फिकट गुलाबी, फिकट निळा रंग. लोक त्या देवळात ठेवत, घरातल्या कोनाड्यात ठेवत. कुणी वारलं की त्याच्या सोबतीला जमिनीखालीही ठेवत.

हर्मियासच्या हातच्या मूर्ती सगळ्यांत देखण्या, असं गाव म्हणायचं. गावाआधी तो स्वतः म्हणायचा.

त्याची बायको मिर्तो. लग्नाला वर्ष होत आलं असताना एकदा ती उंबऱ्यात उभी होती, बाहेर निघालेली. त्याने आतून हाक मारली. तिने मान वळवून पाहिलं. हात वस्त्राच्या आत होता, ओठ बोलण्याच्या बेतात होते.

"हलू नकोस," तो म्हणाला.

ती हसली आणि तशीच उभी राहिली. त्याने माती घेतली. दुसरं कुठलंही काम त्याच्या हातून इतक्या सहज झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत उंबऱ्यातली मिर्तो मातीत उभी होती. त्या मूर्तीवरून त्याने साचा काढला.

पुढल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन मिर्तो गेली.

साचा राहिला.

हर्मियास रडला नाही. साच्यात माती दाबून त्याने दुसरी मिर्तो काढली. मग तिसरी. लोक सांत्वनाला आले की तो फळीकडे बोट दाखवायचा. म्हणायचा, मी तिला मरू दिलेलं नाही.

पण साचा झिजतो. आधी ओठांची कड गेली, मग नाकाचा शेंडा. आणि त्या पहिल्या मूर्तीला घरात कुणाचा तरी धक्का लागला आणि तिचे तुकडे झाले. तेव्हा त्याने उरलेल्यांतली चांगली मूर्ती निवडली आणि तिच्यावरून नवा साचा काढला. त्यातून निघालेली मिर्तो थोडी लहान होती. माती वाळताना आकसते, भट्टीत आणखी आकसते. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त त्याचा अर्थ आता कळला.

तो साचाही झिजला. पुन्हा नवा. पुन्हा लहान.

दरवेळी ती थोडी कमी व्हायची...

एका सकाळी मूर्तिशाळा भावाच्या हवाली करून तो गलबतात बसला. कुठेतरी, कुठल्यातरी किनाऱ्यावर, न आकसणारी माती असेल. नील नदीच्या काठची काळी माती त्याने भाजून पाहिली. अरबांच्या बंदरातली लाल माती पाहिली. वाऱ्यांबरोबर पूर्वेला आला. कोकणातल्या बंदरावर व्यापाऱ्यांच्या वखारीत राहिला, इथली भाषा शिकला, खाडीकाठची माती भाजून पाहिली.

सगळ्या आकसत होत्या.

"दाखव," थेर म्हणाले.

हर्मियासने पेटी उघडली. आत लोकर होती. लोकरीत गुंडाळलेल्या मूर्ती त्याने एकेक करून बाहेर काढल्या. तान्ह्या मुलाला उचलावं तशी प्रत्येकीच्या मानेखाली बोटं होती.

थेरांनी पहिली हातात घेतली.

"हिचं नाव?"

"मिर्तो."

दुसरी घेतली.

"आणि हिचं?"

"मिर्तोच."

"ही धाकटी?"

"भंते, सगळ्या त्याच. ती एकच आहे."

थेरांनी मान हलवली. मग ते त्या मूर्ती ओसरीच्या जमिनीवर मांडू लागले. सगळ्यांत मोठी आपल्याजवळ. तिच्या पलीकडे तिच्याहून लहान. मग आणखी लहान. ओसरीच्या काठाशी, जिथे खडक संपतो आणि खाली दरी सुरू होते, तिथे करंगळीएवढी शेवटची. तिचा चेहरा म्हणजे नुसता एक पुसट उंचवटा उरला होता.

दरीत धुकं होतं. पाकोळ्या लेण्यातून सूर मारून धुक्यात जात होत्या आणि कुठल्याशा दुसऱ्याच वाटेने परत येत होत्या.

मग थेर पालथे झोपले.

म्हातारपणामुळे त्यांना वेळ लागला. आधी गुडघे, मग कोपर, मग छाती. हनुवटी त्यांनी थेट दगडावर टेकवली आणि एक डोळा मिटून ते त्या रांगेकडे पाहत राहिले.

"ये," ते म्हणाले. "असा आडवा हो."

"भंते, मी माती विचारायला आलो आहे."

"इथून दिसते."

हर्मियास संतापला होता. पण इतक्या लांबून आला होता. तोही पालथा झाला. गार दगडाला गाल लावून त्याने पाहिलं.

रांग नव्हतीच.

एक बाई होती. लांबच लांब वाटेने ती धुक्याकडे चालली होती. इथे जवळ तिचे डोळे दिसत होते, वस्त्राची घडी दिसत होती. तिथे लांब नुसती आकृती. त्यापलीकडे पांढरं धुकं, आणि धुक्यात तिचा शेवटचा ठिपका.



"ती लहान होत नाहीये," थेर म्हणाले. "ती निघालीय."

 डोळे मिटावेत असं हर्मियासला वाटलं, पण मिटवेनात.

"एकच कळत नाही," थेर पुढे म्हणाले. "जाते तिकडे, आणि तोंड आपल्याकडे."

"मी तसंच घडवलं आहे."

"म्हणजे उलटी चाललीय."

हर्मियासने गाल दगडावरून उचलला.

"डोंगरातली वाट आहे रे. ठेच लागेल तिला."

हर्मियास उठून बसला. त्याचा चेहरा लाल झाला होता. थेरांनाही उठायचं होतं, पण जमत नव्हतं, तेव्हा त्यालाच हात द्यावा लागला.

उठून बसल्यावर थेरांनी जवळची मूर्ती उचलली आणि फिरवून पाहिली. मागून ती सपाट होती. नुसता मातीचा पत्रा, बोटाने सारवलेला. मधोमध एक भोक.

"हे कशाला?"

"भट्टीत आतली वाफ बाहेर पडायला. नाहीतर फुटते."

"आणि पाठ कुठे आहे?"

"पाठ करत नाही आम्ही. पाठ कोण बघतं? मूर्ती कोनाड्यात ठेवतात."

"तिला पाठ होती?"

"भंते, पाठ सगळ्यांनाच असते!"

"कशी होती?"

हर्मियासने डोळे मिटून तिला आठवून पाहिलं. 

मिर्तोच्या पापण्या त्याला पाठ होत्या. खालचा ओठ एका बाजूला किंचित जाड होता, ते ठाऊक होतं. हसताना गालावर कुठे सावली पडते, ते अंधारातही घडवता आलं असतं. पण पाठ... बाजारात जाताना ती त्याच्या मागून चालायची. देवळात जाताना मागून. झऱ्यावर जाताना मागून. त्यांच्याकडे तशीच रीत होती. तो पुढे, ती मागे. वळून पाहिलं की चेहरा.

"मला कोडी नकोत," तो म्हणाला. "मला माती हवी आहे."

"पाठ करून आण. मग मातीचं बोलू."

"पाठ काय, एका सकाळचं काम आहे माझं!"

"बरं," थेर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा चीवर हातात घेतलं.

डोंगराच्या पायथ्याशी कुंभारवाडा होता. तिथे नागी नावाची विधवा कुंभारीण आणि तिचा दीर मिळून मडकी भाजायचा एक आवा चालवत. नागीने या परक्या माणसाला पडवीत जागा दिली. तिचं म्हणणं, मातीतला माणूस आहे, उपाशी कसा ठेवायचा.

"खाऊन घ्या पाव्हणं," ती सकाळीच म्हणायची. "माती काय पळून जात नाही."

हर्मियास खात नसे. तो कामाला बसलेला असे. एका सकाळीत पाठ करून त्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात आपटायची आणि मातीचा पत्ता घेऊन निघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

सकाळ संपली तेव्हा त्याच्यापुढे उत्तम पाठ तयार होती. खांद्यावरून उतरणारं वस्त्र, कमरेशी आलेली चुण्यांची वळणं, मानेवरचा अंबाडा. कुठेही खोट काढता आली नसती.

त्याने ती फिरवून पाहिली. एका बाईची पाठ होती ती. कुठल्याही बाईची.

त्याने ती मोडून पुन्हा गोळा केला.

दुसऱ्या दिवशी तो ओढ्यावर जाऊन बसला. पाणी भरून बायका परत जायच्या. कुणी डोक्यावर घागर घेऊन ताठ, कुणी कमरेवर घेऊन एका बाजूला झुकलेली, कुणी मधेच थांबून पायातला काटा काढणारी. तो पाहायचा आणि घरी येऊन माती हातात घ्यायचा. ओढ्यावरच्या बायकांच्या पाठी होत होत्या. मिर्तो येत नव्हती.

मग त्याला वेगळीच भीती वाटू लागली. आपण तिचा चेहरासुद्धा खरंच पाहिला होता का? की पाहिला तो फक्त घडवण्यापुरता?

एका दुपारी त्याने चिडून कच्ची मूर्ती भिंतीकडे भिरकावली. ती भिंतीपर्यंत गेली नाही. शेणाने सारवलेल्या अंगणात मऊ पडली.

नागी चिखल तुडवत होती. ती आली आणि तिने ती मूर्ती उचलली. एक खांदा चेपला होता. डोकं जरा पुढे झुकलं होतं.

तिने ती हातात धरली आणि धरूनच राहिली.

"काय झालं?" हर्मियासने विचारलं.

"ही माझी रेवती."

"कोण?"

"लेक. घाटावर दिलीय, पार नदीपलीकडं." नागीचा आवाज अगदी साधा होता. "सासरी जाताना अशीच गेली. डोक्यावर बोचकं होतं ना, म्हणून मान अशी पुढं. मी शिवेपर्यंत गेले. तिथून पुढं जायचं नसतं आईनं."

"तिने वळून पाहिलं?"

"बघत होती सारखी. मीच म्हणलं, बये, पुढं बघून चाल. नवी वाट आहे, पडशील."

हर्मियास तिच्याकडे पाहत राहिला.

"मग?"

"मग बघत उभी राहिले. एवढी होती." नागीने हाताने उंची दाखवली. "मग एवढी झाली. मग वडाच्या वळणाला अंगठ्याएवढी. मग नव्हती."

"मग काय केलंस?"

"काय करणार? घरी आले, भाकऱ्या थापल्या. दीर उपाशी होता." ती थोडी थांबली. "भाकऱ्या जास्तच झाल्या त्या दिवशी. सवयीनं तिचीपण केली."

तिने पदराने मूर्तीला लागलेली धूळ टिपली.

"ही देता मला?"

"मोडकी आहे. चेहरासुद्धा नाही तिला."

"चेहरा आहे माझ्याकडं," नागी म्हणाली, आणि मूर्ती घेऊन आत गेली.

त्या दिवशी आवा पेटवलेला होता. दुपारभर धूर जमिनीलगत रेंगाळत होता. हर्मियास आव्याच्या उबेला भिंतीशी टेकून बसला. हातातली माती सुकू लागली होती. ती भिजवायला उठायचं होतं त्याला, पण धुराला गोवऱ्यांचा, पेंढ्याचा आणि कुठल्याशा ओळखीच्या पानांचा वास होता, आणि तो उठला नाही.

वाट झऱ्याकडे जाणारी होती. त्याच्या गावची. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, पानं उलटी होऊन रुपेरी झालेली. ऊन होतं, पण सावल्या कुठे पडत नव्हत्या.

मिर्तो पुढे चालली होती.

तो मागे.

हे उलटं आहे, असं त्याला वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की असंच असायला हवं होतं. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली होता. घडा त्या बाजूला धरायची ती. वस्त्राचं टोक खांद्यावरून मागे टाकलेलं, ते चालताना एका ठेक्यात पोटऱ्यांना लागत होतं. मानेवर केसांच्या बटा अंबाड्यातून सुटल्या होत्या. टाचेला धूळ. ती सावकाश चालत होती. कुणीतरी वाट पाहतंय आणि तरीही घाई नाही, अशी.

हाक मारावी.

नाव त्याच्या जिभेवर आलं. तो तोंड उघडणार, इतक्यात त्याला कळलं की हाक मारली की ती वळणार. ती नेहमीच वळायची. आणि वळली की थांबणार. पुन्हा तीच मान, तेच ओठ, तोच उंबरा...

त्याने ओठ दाबून धरले.

नाव आतल्या आत राहिलं. इतकं जड काही त्याने आयुष्यात उचललं नव्हतं.

झाडांतून वारा गेला. मिर्तोने एका हाताने सुटलेली बट मागे सारली. बस, एवढंच. आणि ती चालत राहिली, आणि तो पाहत राहिला, आणि कुठेतरी पाणी वाहण्याचा आवाज जवळ येत गेला.

जागा झाला तेव्हा ऊन कललं होतं. गाल ओले होते. समोर नागी उभी होती. तिने पाण्याचं मडकं त्याच्याशेजारी ठेवलं आणि काही न विचारता ती आपल्या कामाला गेली.

हर्मियासने माती भिजवली. साचा घेतला नाही, कोरणी घेतली नाही. ओल्या मातीवर त्याचे अंगठे नुसते फिरत होते. आपण घडवतो आहोत असं त्याला वाटत नव्हतं. आत्ता पाहिलेलं विसरायच्या आत बोटांना सांगायचं, एवढंच चाललं होतं. डावा खांदा. वस्त्राचं टोक. सुटलेली बट, आणि ती मागे सारणारा हात.

पुढची बाजू त्याने तशीच सोडली. मातीचं वस्त्र डोक्यावरून पुढे ओढलेलं, आत सावली. तो भाग त्याला दिसला नव्हता.

मूर्ती वाळली. वाळताना आकसली. नागीने ती मडक्यांच्या उतरंडीत मधोमध, सांभाळून ठेवली आणि आवा लावला. भाजून निघाली तेव्हा आणखी थोडी लहान झाली होती.

हर्मियासने ते पाहिलं. मोजायला मात्र गेला नाही.

यापुढचं थोडं आधीच सांगून टाकतो. वारे फिरले तेव्हा हर्मियास गलबताने आपल्या देशी परत गेला. मूर्तिशाळा पुन्हा सुरू केली. तिथे घडणाऱ्या बायकांना आता पाठही असे, आणि लोक म्हणत की त्या मूर्ती फिरवून पाहिल्या की जरा वेळ गप्प बसावंसं वाटतं. मुलगी सासरी गेलेल्या आया त्या मुद्दाम मागून घेत. त्याने दुसरं लग्न केलं, उशिरा. दुसऱ्या बायकोबरोबर बाजारात जाताना तो तिच्या मागून चालायचा. त्यावरून गाव हसायचं, आणि तोही हसायचा. मिर्तोचं नाव घरात सहज निघे.

पण हे सगळं नंतरचं. आधी तो पुन्हा घाट चढला. पेटीही बरोबर होती.

सकाळ नुकतीच उजाडली होती. थेर ओसरी झाडत होते. त्यांनी झाडू बाजूला ठेवला.

हर्मियासने नवी मूर्ती त्यांच्या हातात दिली.

थेरांनी ती पाहिली. पाठीवरून अंगठा फिरवला, अगदी हलका. मग समोरून पाहिली. वस्त्राच्या आतल्या सावलीत ते बराच वेळ पाहत राहिले.

चेहऱ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"हीपण आकसली?" ते म्हणाले.

"हो."

"आणि माती? न आकसणारी?"

हर्मियास गोंधळला.

"विचारायची राहून गेली, भंते," तो म्हणाला. थोड्या वेळाने तो स्वतःशीच हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. मिर्तो गेल्यापासून तो पहिल्यांदाच जागेपणी रडत होता. मोठ्याने, लहान मुलासारखा, नाक पुसत. लेण्यात तो आवाज घुमला. पाकोळ्या भुर्रकन उडाल्या आणि पुन्हा आपापल्या जागी येऊन बसल्या.

थेरांनी त्याला थांबवलं नाही. टाक्यातून पाणी काढून आणलं आणि त्याच्याशेजारी ठेवलं.

रडणं ओसरल्यावर हर्मियासने पेटी उघडली. जुन्या मूर्ती बाहेर काढल्या आणि स्वतःच ओसरीवर मांडल्या. या वेळी त्याने प्रत्येकीचं तोंड दरीकडे केलं. सगळ्यांच्या पुढे, काठापासून दोन हात अलीकडे, नवी ठेवली. मग तो दरीकडे पाठ करून, तिच्याच पुढ्यात, काठावरच्या उघड्या खडकावर बसला. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे आली होती.

धुकं खाली उतरत होतं. दरीतली झाडं एकेक करून वर येत होती. कुठूनतरी गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या, आणि मग त्याही लांब गेल्या.

"भंते," हर्मियासने विचारलं, "आता मी काय करू?"

थेर त्याच्याकडे पाहत नव्हते. त्याच्या खांद्यावरून, पलीकडे उजळत गेलेल्या दरीकडे त्यांची नजर होती.

"जरा बाजूला सरक," ते म्हणाले. "वाटेत बसला आहेस तू."